चार लाख चिमुकल्या फाइली आणि एक हार्ड डिस्क

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. सोन्याचा भाव ऐकून घरच्यांनी बेत रद्द केला आणि मी नागपूरच्या बर्डीवर जाऊन दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आलो. अठरा टक्के जीएसटी धरून, पक्क्या बिलासह ६,१५० रुपये. बिल न घेता दोन-तीनशे रुपये कमी पडले असते, पण तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी बिल लागतं. मी ते घरी येताच मोबाइलवर फोटो काढून ठेवलं, कारण थर्मल कागदावरची अक्षरं नागपूरच्या उन्हाळ्यात वर्षभरही टिकत नाहीत.

पुढचा महिनाभर या डिस्कने मला जे नाचवलं, ते लिहून ठेवतोय. मी संगणकाचा माणूस नाही. नोकरी हिशोबाची आणि छंद झाडा-पक्ष्यांचा. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण अंबाझरी, गोरेवाडा, कधी उमरेड रोडला निघतो, नोंदी करतो, परतताना तर्री पोहे खातो. गेली सहा वर्षं घरच्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. तेही हौसेने नाही, जुन्या लॅपटॉपवर विंडोज चालेनासं झालं म्हणून.

डिस्कवर ठेवायच्या होत्या दोनच गोष्टी. एक म्हणजे पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. एका तासाची फाइल साधारण ३४५ एमबीची. दुसरी म्हणजे नकाशाचे तुकडे, ज्यांना टाइल म्हणतात. रानात मोबाइलला रेंज नसते, म्हणून मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरून आमच्या भागाचा नकाशा आधीच तुकडे करून ठेवतो. प्रत्येक तुकडा २५६ बाय २५६ पिक्सेलची एक चिमुकली पीएनजी फाइल. झूमची एक पायरी वाढवली की तुकडे चौपट होतात. सतराव्या-अठराव्या पायरीपर्यंत जाता जाता माझ्याकडे ४ लाख १८ हजार तुकडे झाले होते. एकेक सरासरी सात केबीचा, म्हणजे सगळे मिळून २.९ जीबी. इवलासा ऐवज, असं मला वाटत होतं.

११ मे, शनिवार. डिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या विंडोजच्या पद्धतीत, आली होती. आमच्या गटात एकाकडे विंडोज आहे, एका मैत्रिणीकडे मॅक आहे आणि माझ्याकडे लिनक्स. एनटीएफएस मॅकवर वाचता येतं, पण त्यावर लिहिता येत नाही. लिनक्सचं ईएक्सटी-४ विंडोजला ओळखीचं नाही. फॅट-३२ सगळीकडे चालतं, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. उरलं एक्सफॅट. उबंटूमधलं ‘डिस्क्स’ उघडलं, एक्सफॅट निवडलं, नाव दिलं, बटण दाबलं. काही सेकंदांत काम झालं. क्लस्टर किती मोठा हवा, हे त्याने विचारलं नाही आणि असं काही विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

रात्री नऊला नकाशाचं फोल्डर कॉपीला लावलं आणि कूलरसमोर झोपलो. कॉपीला पाच तास चाळीस मिनिटं लागली. त्याच आठवड्यात मी १२ जीबीचा एक व्हिडिओ दोन मिनिटांत कॉपी केला होता.

सकाळी पाहतो तर २.९ जीबीच्या फोल्डरने डिस्कवरची ५१ जीबी जागा खाल्लेली.

पहिला विचार आला, डिस्कच खराब निघाली. बिल शोधलं. दुसरा विचार आला, कॉपी दोन-चारदा झाली असेल. तसंही नव्हतं. शेवटी भाच्याला फोन केला. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, “मामा, डिस्क बदलायला पळू नका. फाइली किती आहेत ते आधी मोजून तं पाहा.”

इथे थोडं थांबतो, कारण सगळी गोम या मोजण्यातच आहे. (कमांडची नावं उच्चारावरून देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती रोमन लिपीत लहान अक्षरांत टाकायची.) ‘डीयू’ ही कमांड फोल्डरने डिस्कवर अडवलेली जागा सांगते. तिलाच दोन डॅश देऊन ‘अपॅरंट-साइझ’ जोडलं की फाइलींचा खरा आकार कळतो. माझ्याकडे पहिलीचं उत्तर ५१ जीबी आलं, दुसरीचं २.९. मग ‘स्टॅट’ला डॅश एफ देऊन डिस्क जिथे जोडली होती तो पत्ता दिला. ‘ब्लॉक साइझ’पुढे आकडा आला १३१०७२. म्हणजे १२८ केबी.

३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर एक्सफॅट करताना काहीच सांगितलं नाही तर क्लस्टर १२८ केबीचा होतो. विंडोजही हेच करतं, फक्त तिथल्या फॉरमॅटच्या खिडकीत ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइझ’ नावाचा एक रकाना असतो, जो मी जन्मात कधी उघडला नव्हता. क्लस्टर म्हणजे जागा वाटण्याचं सगळ्यात लहान माप. फाइल सात केबीची असो की शंभर बाइटची, तिला एक अख्खा क्लस्टर मिळतो आणि उरलेली जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ४ लाख १८ हजार गुणिले १२८ केबी केलं. कॅल्क्युलेटरवर बरोबर ५१ जीबी. हिशोबाच्या माणसाला इतका स्वच्छ ताळा जुळला की राग येत नाही, उलट बरं वाटतं.

मे महिना म्हणजे घरी वाळवणाचे दिवस. बायको गच्चीवरून कुरडयांचे डबे उतरवत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही चिमूटभर जिरं पाच किलोच्या डब्यात ठेवलं. तेही चार लाख डब्यांत.” एवढ्या सोप्या शब्दांत मला कुठल्याही लेखात वाचायला मिळालं नव्हतं.

पुढचा आठवडा संध्याकाळी वाचण्यात गेला. आणि वाचताना घोळ वाढला. जुन्या लेखांत क्लस्टरसाठी डॅश एस हा स्विच (कमांडला जोडायची सूचना) दिलेला, तोही केबीत नाही. एका क्लस्टरमध्ये किती सेक्टर (डिस्कचे मूळ तुकडे), ते सांगायचं. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर ४ केबीसाठी ८. नव्या लेखांत डॅश सी. दोन्ही ठिकाणी कमांडचं नाव एकच, ‘एमकेएफएस डॉट एक्सफॅट’. कारण असं की मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील ऑगस्ट २०१९ मध्ये खुला केला. त्याआधी लिनक्सवर ‘एक्सफॅट-युटिल्स’ नावाची वेगळी साधनं वापरत. त्यानंतर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, एक्सफॅट आलं (आधी ५.४ आवृत्तीत, मग २०२० मध्ये ५.७ ला सुधारलेलं) आणि सोबत ‘एक्सफॅटप्रॉग्ज’ ही नवी साधनं आली. स्विचही बदलले. डिस्कला नाव द्यायचा स्विच जुन्यात डॅश एन, नव्यात डॅश मोठा एल. तेव्हा लेखावरची तारीख आधी पाहा, आणि आपल्या संगणकावर कुठलं पॅकेज आहे तेही. सगळ्यात खात्रीचं म्हणजे कमांडपुढे दोन डॅश देऊन ‘हेल्प’ लिहून ती स्वतः काय म्हणते ते वाचणं.

१८ मे, शनिवार. भाच्याची जुनी डिस्क उसनी आणली, माझ्याकडचं सगळं तिच्यावर कॉपी केलं आणि रेकॉर्डिंगांतल्या पाच-सहा फाइली उघडून ऐकल्या. क्लस्टरचा आकार नंतर बदलता येत नाही. बदलायचा तर पुन्हा फॉरमॅट, आणि फॉरमॅट म्हणजे सगळं साफ. त्यामुळे हा दिवस फुकट गेला असं मी मानत नाही.

संध्याकाळी धडधडत्या छातीने टर्मिनल, म्हणजे कमांड टाकायची खिडकी, उघडलं. ‘एलएसबीएलके’ने डिस्कचं नाव पाहिलं: एसडीबी, आणि तिचं पार्टिशन (डिस्कचा भाग) एसडीबी-१. आकार १.८ टी दिसला तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि संगणक १०२४ च्या, डिस्क तीच. डिस्क सोडवायला ‘युमाउंट’ केलं तर ‘टार्गेट इज बिझी’. डिस्क कोण वापरतंय म्हणून दहा मिनिटं शोधत बसलो. टर्मिनलमध्ये मी स्वतःच डिस्कच्या फोल्डरमध्ये उभा होतो. नुसतं ‘सीडी’ टाकून बाहेर आलो आणि डिस्क सुटली.

आधी जुन्या लेखातला डॅश एस ८ टाकून पाहिला. नव्या साधनाने तो मानलाच नाही. त्याने नकार दिला हे माझं नशीब. मग सुडो, एमकेएफएस डॉट एक्सफॅट, डॅश सी, मोकळी जागा, ४ ला चिकटून मोठा के, डॅश मोठा एल, नाव, आणि शेवटी पार्टिशनचा पत्ता. एंटर दाबताना डोळे मिटले होते. उघडले तोवर काम संपलेलं.

नकाशाचं फोल्डर पुन्हा टाकलं. या वेळी जागा गेली ३.७ जीबी. ५१ वरून ३.७! भाच्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, “पूर्ण दोन टीबीला ४ केबी केलं का?”

केलं होतं. त्यात काय चुकलं ते दोन दिवसांनी कळलं. एक्सफॅट प्रत्येक क्लस्टरमागे एका तक्त्यात चार बाइटची नोंद राखून ठेवतं. दोन टीबीचे ४ केबीचे तुकडे केले की जवळपास ४८ कोटी ८० लाख क्लस्टर होतात, आणि तो तक्ताच १९५ कोटी बाइटचा, म्हणजे दोन जीबीच्या घरात जातो. १२८ केबीला तोच तक्ता बत्तीस पट लहान असतो. शिवाय कुठला क्लस्टर भरलेला, कुठला रिकामा याचा आणखी एक नकाशा असतो, आणि डिस्क लावली की लिनक्स तो आधी वाचतं. माझी डिस्क लावल्यावर दिसायला आता काही सेकंद जास्त लागत होते. हे सगळं चाललं असतं. पण २० तारखेला दुपारी लाइन गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती आहे, तो जागीच बंद पडला, आणि त्या वेळी डिस्कवर कॉपी चालू होती. एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची वही ते ठेवत नाही. लाइन आल्यावर ‘एफएससीके डॉट एक्सफॅट’ चालवलं. चार लाख फाइलींची नोंद न् नोंद तपासायला त्याने चाळीस मिनिटं घेतली. डिस्क हाताला इतकी गरम लागत होती की मी ती उचलून कूलरसमोर ठेवली, आणि लगेच काढली, कारण कूलरमधून पाण्याचे तुषार येतात.

दरम्यान आणखी एक प्रयोग केला. मोठ्या फाइलींना मोठा क्लस्टर दिला की वेग खूप वाढतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. १० जीबीचं रेकॉर्डिंग ४ केबीच्या डिस्कवर टाकून वेळ मोजला, मग भाच्याच्या १२८ केबीच्या डिस्कवर. फरक पाच-सहा सेकंदांचा. त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक पडला तो केबल डावीकडच्या काळ्या पोर्टमधून काढून उजवीकडच्या निळ्या पोर्टमध्ये लावल्याने, कारण काळा यूएसबी २ होता. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर वेगासाठी क्लस्टरचा आकार निवडण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. जागेसाठी मात्र आहे.

२५ मे, शनिवार, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू. ठरवलं की एकाच डिस्कचे दोन भाग करायचे: १०० जीबीचा भाग ४ केबीने, नकाशांसाठी. बाकीचा १२८ केबीने, रेकॉर्डिंगांसाठी. लहान भागाचा तक्ताही त्यामुळे शंभर एमबीच्या आतच राहतो.

या दिवशी मी थोडक्यात वाचलो. मागच्या वेळची कमांड टर्मिनलच्या इतिहासात तशीच होती. वरचा बाण दाबायचा आणि एंटर, एवढंच. पण सवयीने आधी एलएसबीएलके पाहिलं, तर एसडीबीपुढे १.८ टी नव्हतं, १४.५ जी होतं. सोसायटीच्या हिशोबाचा पेन ड्राइव्ह सकाळपासून लॅपटॉपला लागलेला होता आणि एसडीबी हे नाव त्याने घेतलं होतं. माझी डिस्क त्या दिवशी एसडीसी होती. ही नावं कुणाच्या मालकीची नसतात, जो आधी लागेल त्याला मिळतात. फॉरमॅट करताना बाकी सगळं काढून ठेवा, आणि आकार पाहिल्याशिवाय एंटरला हात लावू नका. पेन ड्राइव्ह काढला, पाणी प्यायलो, पंधरा मिनिटं गॅलरीत जाऊन बसलो.

डिस्कचे भाग पाडायच्या ‘एफडिस्क’ या कमांडबद्दल ऐकून भीती वाटते, पण त्यात एक सोय आहे: डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. चुकलं तर क्यू दाबून निघून जायचं. मी तीनदा क्यू दाबला. चौथ्यांदा: जी म्हणजे नवा जीपीटी तक्ता (डिस्कच्या भागांची यादी), एन म्हणजे नवं पार्टिशन, सुरुवात आहे तशीच ठेवायची (ते आपणहून एक एमबीच्या सीमेवर सुरू होतं), शेवटच्या ठिकाणी अधिक १००जी. परत एन, आणि उरलेली सगळी जागा. मग डब्ल्यू. दोन्ही भागांवर वेगवेगळ्या क्लस्टरने एक्सफॅट. सगळं मिळून पाच मिनिटंही नाही लागली.

रविवारी गटातल्या विंडोजवाल्या मित्राकडे डिस्क नेली. लावली आणि काहीच दिसेना. “अबे, रिकामी डिस्क घेऊन आला का?” तो म्हणाला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्ही भाग दिसत होते, पण त्यांना ड्राइव्हचं अक्षर मिळालं नव्हतं. एफडिस्कने बनवलेल्या पार्टिशनवर, वेगळं काही सांगितलं नाही तर, ‘लिनक्स फाइलसिस्टिम’ असा शिक्का बसतो. आत एक्सफॅट असलं तरी विंडोज बाहेरचा शिक्का पाहून दारातूनच परत फिरतं. घरी येऊन एफडिस्कमध्ये टी दाबून दोन्ही भागांचा प्रकार ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा’ केला. आतल्या फाइलींना याने धक्का लागत नाही. तरी मी बॅकअप परत एकदा घेतलाच. पुढच्या रविवारी डिस्क त्याच्याकडेही चालली आणि मॅकवरही.

कुणाला एनटीएफएसच हवं असेल तर दोन शब्द. ‘एमकेएफएस डॉट एनटीएफएस’मध्येही क्लस्टरसाठी डॅश सीच आहे, फक्त आकडा बाइटमध्ये द्यायचा, ४०९६ असा. त्याच्यासोबत डॅश मोठा क्यू द्यायला विसरू नका, नाहीतर ते आधी अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत बसतं आणि दोन टीबीला त्यात दिवस जातो. आणि डिस्क फक्त लिनक्सवरच फिरणार असेल तर सरळ ईएक्सटी-४ करा. त्याचा ब्लॉक मोठ्या डिस्कवर मुळातच ४ केबीचा असतो.

३० मेला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तोच आकडा फिरला. नंतर कळलं, सेन्सर बिघडला होता. ते वाचून मी पुन्हा डीयू चालवून माझे आकडे तपासले. ३.७ जीबी. जागच्या जागी.

९ जूनच्या रविवारी भाचा जेवायला आला. डिस्क कौतुकाने दाखवली. त्याने क्यूजीआयएस उघडून यादीत खाली-वर पाहिलं आणि म्हणाला, “मामा, तुकडे बनवायच्या या टूलच्या खालीच तं दुसरं टूल आहे. एमबीटाइल्स. सगळे तुकडे एकाच फाइलीत जातात.”

गेली तीन वर्षं मी त्या टूलच्या वरच्याच ओळीवर क्लिक करत होतो.

एमबीटाइल्स म्हणजे आतून एसक्यूलाइटचा एक डेटाबेस. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून नकाशा नव्याने बनवला. एकच फाइल, ३.१ जीबी. डिस्कवर कॉपी व्हायला अर्धं मिनिट. मोबाइलमधल्या नकाशाच्या अ‍ॅपने ती लगेच उघडली. १२८ केबीचा क्लस्टर असो की ४ चा, तिला काही फरक पडत नाही, म्हणून ती रेकॉर्डिंगांच्या मोठ्या भागातच ठेवली. ४ लाख १८ हजार तुकडे पुसायलाच तासाच्या वर गेला.

१०० जीबीचा लहान भाग अजून तसाच आहे. सध्या त्यात सोसायटीचे हिशोब ठेवलेत, २१२ फाइली, आणि पेन ड्राइव्ह सचिवांना परत करून आलो.